घरी येतं, मग पेपरात कुठे जातं?

आमच्या इंदूरात सहामाहीचे पेपर हातात पडले की माझा फोन वाजायला लागतो. वाक्य बहुतेक ठरलेलं: "ताई, घरी सगळं येतं हिला, पेपरात कोरी होते. भीती बसलीय, तेवढी काढा." अकरावीतल्या मुलीला घेऊन रामबागेतून आलेल्या एका आईचंही हेच म्हणणं होतं. (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

मीही भीतीच धरून बसले. दोन भेटी श्वासाचे व्यायाम, झोप, परीक्षेची सकाळ कशी जाते, यातच गेल्या. मुलगी निमूटपणे सगळं करायची. तिसऱ्यांदा आली तेव्हा मार्क आणखी खाली गेले होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हिचा गणिताचा पेपर मी अजून डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. फिजिक्सला हात थांबत नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले. भीती काय विषय बघून बसते?

प्रश्न सरळ रेषेचा होता. ३ एक्स अधिक ४ वाय वजा १२ बरोबर शून्य. ही रेषा दोन्ही अक्षांना कुठे छेदते? तिनं एक्सच्या जागी शून्य घालून वाय ३ काढला होता. बरोबर! आणि मग त्यावर काट मारली होती. बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात, 'कौन सा फॉर्म?' पुढचं पान रिकामं.

"खोडलंस का गं?"

"अंतःखंडवाल्या फॉर्ममध्ये उजवीकडे १ असतो ना. इथे तर शून्य होता. मला वाटलं, हा तो नाहीच."

वही मागितली. एका पानावर रेषेचं समीकरण लिहिण्याच्या चार रूपांच्या चार चौकटी, चार रंगांत (ढाल म्हणजे रेषेचा तिरकेपणा, अंतःखंड म्हणजे रेषा अक्षाला जिथे छेदते तो आकडा): हिरव्यात ढाल-अंतःखंड रूप, निळ्यात बिंदू-ढाल, लालमध्ये अंतःखंड, काळ्यात व्यापक. इतकं देखणं पान की कुणीही शाबासकी द्यावी. घोळ त्या पानातच होता. तिच्या लेखी त्या चार वेगळ्या जातीच्या रेषा होत्या.

आई विदर्भात मराठी शाळेत शिकलेल्या, त्या या तिरकेपणाला 'चढ' म्हणायच्या. मुलीचं पुस्तक हिंदी, त्यात 'ढाल'. आजीला ढाल म्हणजे तलवारीसोबतचीच. मी विचारलं, "चढ आणि ढाल यांत कधी गोंधळलीस?" ती हसली. "ते तर एकच आहे ना, ताई."

मग पोह्यांवर आलो. इंदूरात दुसरं कशावर येणार. सोपे आकडे घेतले: पोह्यांची प्लेट २० रुपये, जिलबीची ३०, खिशात १२०, आणि सगळे संपवायचे. पोहे एक्स, जिलबी वाय. तिनं लिहिलं: २० एक्स अधिक ३० वाय बरोबर १२०. सगळं डावीकडे नेलं की काळी चौकट. १२० नं भागलं तर एक्स भागिले ६ अधिक वाय भागिले ४ बरोबर १, म्हणजे लाल. नुसते पोहे घेतले तर ६ प्लेटी, नुसती जिलबी घेतली तर ४. मग वाय एकटा काढला: उणे दोन-तृतीयांश एक्स अधिक ४, म्हणजे हिरवी. ३ प्लेट पोहे वाढवले की जिलबीच्या २ प्लेटी सोडायच्या, हा झाला ढाल. ३ पोहे नि २ जिलब्या हा बिंदू धरला तर निळीही जमते. तिनं आलेखाच्या कागदावर चारही वेळा बिंदू मांडून पाहिले. रेघ एकच आली. तिनं पट्टी ठेवून पुन्हा तपासली.

दाराशी बसलेल्या आई म्हणाल्या, "पेपरात पोहे थोडेच येणार आहेत?" प्रश्न रास्त होता. म्हणून खोडलेलं गणित तिथेच पुन्हा सोडवायला दिलं. १२ उजवीकडे नेले, १२ नंच भागलं: एक्स भागिले ४ अधिक वाय भागिले ३ बरोबर १. खोडलेला ३ तिच्याकडे बघत होता.

ज्या मुलांची झोप उडते, प्रत्येक विषयाला पोटात गोळा येतो, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे भीतीवरच काम करावं लागतं. पण 'कोरी होते' असं कुणी म्हणालं तर आता मी आधी उत्तरपत्रिका मागते. मार्कांकडे नंतर बघते, आधी खोडलेलं वाचते. आई-बाबांनाही घरी हे करता येतं, त्यासाठी गणित यावं लागत नाही. "हे का खोडलंस?" एवढंच विचारायचं, रागावल्याच्या सुरात नाही.

निघता निघता तिनंच विचारलं, "बाबा पोहे दोनच प्लेट खातात आणि पैसे मोजत नाहीत. जिलबी कितीही. मग एक्स बरोबर २. हिचा ढाल?"

"काढ बघू."

तिनं दोन बिंदू घेतले, वजाबाकी केली. खाली शून्य आला, भागताच येईना. थोडा वेळ पेन हवेतच राहिलं. मग हिरव्या चौकटीखाली लिहिलं, 'उभी रेषा यात बसत नाही.' निळीखाली तेच. लाल चौकटीपाशी थांबली, पुटपुटत काहीतरी तपासलं आणि लिहिलं, 'अक्षाला समांतर नाही, शून्यातून जाणारी नाही.' काळीखाली एकच शब्द: 'सगळ्या.'

त्रिकोणमितीचा पेपर पुढच्या भेटीला आणायला सांगितलाय.