आतड्याच्या कॅन्सरमध्ये साखर जोडणाऱ्या एन्झाइमवरून पेशंटचं पुढे काय होणार हे कळतं का? वडिलांची तशी टेस्ट करून घ्यावी का?

थोडंफार कळतं, पण शेकडो पेशंटच्या गठ्ठ्याबद्दल, तुमच्या एकट्या वडिलांबद्दल नाही. आणि आधीच सांगतो, ही साखर म्हणजे पेशींवर साखळीसारखी लागलेली साखर, खायची नाही, त्यांच्या ताटातलं गोड काढून ह्यातलं काही हलत नाही.

मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. हे वाक्य माझ्या मोठ्या भावाने मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता मीच आधी म्हणून टाकतो.

बाबांचं कोलनचं ऑपरेशन ठरलं तेव्हा क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटशी जुळतं का ह्या टेस्टला, रक्त जुळेना. अँटिबॉडी शोधली तर अँटी-लुईस निघाली (लुईस हा एबीओसारखा आणखी एक रक्तगट), बाबा लुईस ए निगेटिव्ह, बी निगेटिव्ह. आमच्यासाठी रोजचीच गोष्ट, रक्त मिळालं, विषय संपला. स्टेज तीन होती, जवळच्या लिम्फ गाठींमध्ये पसरलेला, मग केमो झाली, मग दर तीन महिन्यांनी फॉलोअप. फाइल दादाकडे. सीईए, म्हणजे कॅन्सर परत येतोय का ह्यावर नजर ठेवायचा रक्तातला मार्कर, सांगितलेलं होतं, दादाने स्वतःच्या मनाने सीए १९-९ पण जोडलं, कारण कुठेतरी वाचलं की तोही मार्कर आहे. आणि ते दरवेळी २ पेक्षा कमी! नॉर्मल ३७ पर्यंत चालतं आणि आपले बाबा २ च्या खाली, म्हणून फॅमिली ग्रुपवर फोटो, हात जोडलेले, फुगे वगैरे.

इकडे सीईए २.९, मग ४.६, मग ७.८.

मी म्हटलं दादा, पुन्हा करू आणि स्कॅनचं विचारू. तो म्हणाला एक मार्कर जरा वर, एक एकदम खाली, म्हणजे बरोबरी, पुढच्या वेळी बघू. आता इथे तुमचं एन्झाइम येतं. सीए १९-९ म्हणजे पेशीवरची एक साखरेची साखळीच आहे, सायलिल लुईस ए, आणि तिला फ्यूकोज नावाची शेवटची साखर लावायला एफयूटी३ नावाचं एन्झाइम लागतं. लुईस निगेटिव्ह माणसात ते चालतच नाही. अशी माणसं साधारण ५ ते १० टक्के असतात, त्यांच्या अंगभर कॅन्सर झाला तरी हा आकडा सहसा तळालाच राहतो. म्हणजे दादा ज्या आकड्यावर फुगे लावत होता तो आकडा बाबांच्या शरीरात तयारच होऊ शकत नव्हता. हे मी त्याला कागदावर साखळी काढून समजावलं, तेव्हा ते 'टेक्निशियन आहेस, डॉक्टर नाहीस' पहिल्यांदा ऐकलं.

तीन महिन्यांनी सीईए १९. सीटीत लिव्हरमध्ये एक डाग. एकच होता म्हणून कापून काढता आला.

बरं, तुमचा प्रश्न. ह्याच साखळ्या, म्हणजे सायलिल लुईस ए आणि तिची बहीण सायलिल लुईस एक्स, ट्यूमरवर जास्त असल्या की पेशी रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या ई-सिलेक्टिन नावाच्या प्रोटीनला चिकटतात आणि रक्तातून दुसऱ्या अवयवात उतरतात, म्हणून त्या पेशंटचं पुढे वाईट होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. उलट बी४गॅलएनटी२ हे एन्झाइम निरोगी आतड्यात भरपूर असतं, ते त्याच कच्च्या साखळीवर दुसरी साखर लावून सायलिल लुईस एक्सची जागाच अडवतं. कॅन्सरमध्ये ते बहुतेकांचं गळून जातं, ज्यांचं टिकतं ते जास्त जगलेले दिसतात. एसटी६गॅल१ हे आणखी एक एन्झाइम वाढलं तर पेशी मरायला तयार होत नाहीत, तिथेही सायलिक ॲसिड ह्या साखरेचाच खेळ, 'सायलिल' म्हणतात ते हेच.

पण ह्यातली एकही गोष्ट आज नेहमीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात येत नाही आणि हिच्यावरून कोणी केमो ठरवत नाही. पैसे घालवायचेच तर एमएमआर (ट्यूमरमधल्या डीएनए दुरुस्तीच्या प्रोटीनची टेस्ट) झालंय का बघा, बीआरएएफ (ट्यूमरच्या एका जीनमधला बदल) बघा, रिपोर्टात निदान १२ लिम्फ गाठी तपासल्यात का मोजा. सीईए करा आणि एका आकड्यावर नाही, चढावर लक्ष ठेवा. सीए १९-९ कोणी नातेवाईक नाचवत असेल तर त्याला आधी पेशंटचा लुईस ग्रुप विचारा, उत्तर आलं नाही तर फाइल काढून घ्या.

आणि हो, सीईए सिगरेटने, लिव्हरच्या त्रासाने, केमो चालू असतानाही वाढतं, लगेच घाबरू नका. लाल पेशींवरचा लुईस ग्रुपही आजारपणात कधी चुकीचा निगेटिव्ह दिसतो, बाबांची अँटिबॉडी होती म्हणून मी छातीठोक बोलत होतो. त्या तीन महिन्यांनी काही बिघडलं का, हे मी सर्जनना विचारलं होतं. ते म्हणाले, बहुधा नाही. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.

चार वर्षं झाली, बाबा ठीक आहेत. दादाच्या एक्सेलमध्ये सीए १९-९ चा कॉलम अजून आहे, हिरव्या रंगात.