वाचकांचे प्रश्न : गल्लीतल्या सुनांची माहेरं

या वेळची पत्रं बहुतेक सीमाभागातली आणि पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, प्रवेशाबद्दलची आहेत. मी बेळगावकडच्या एका पीयू कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते, म्हणून संपादकांनी तो सगळा गठ्ठा माझ्याकडे ढकलला. त्यातल्या तिघांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, मी निपाणीजवळच्या गावातून मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झाले. आर्ट्‌सला हेप्स (इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र) घ्यायचं म्हणतेय. पण चुलतबहीण म्हणते, सोशिऑलॉजी म्हणजे नुसतं पाठांतर. काका म्हणतात, कुटुंब आणि लग्न घरीच कळतं, त्यात कॉलेज काय शिकवणार? शिवाय सगळं इंग्रजीतून. मला जमेल का? (एक विद्यार्थिनी)

आधी काकांचं बघू. कुटुंब घरी कळतं हे खरं, पण आपलंच कळतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या केली आहे आणि ती तुला पाठच करावी लागेल : एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं जेवणारी, मालमत्ता सामाईक असलेली, कुलाचार एकत्र करणारी आणि एकमेकांशी ठरावीक नात्याने बांधलेली माणसं. आता काकांना विचार : आपल्या घरात गॅस दोन झाले, पण शेताचा उतारा अजून एकत्र आहे आणि गौरी-गणपती थोरल्यांच्याच घरी बसतात, तर आपण एकत्र की विभक्त? ते एक उत्तर देतील, काकू दुसरं देतील, आजी तिसरंच. विषय तिथून सुरू होतो. परीक्षेत मात्र "एकत्र कुटुंबात प्रेम असते" असं लिहून येतात पोरं, आणि मग गुण कुठे गेले म्हणून विचारतात.

माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या गल्लीतल्या सुनांची माहेरं लिहून काढली होती. वहीत तीन रकाने : सून, माहेर, लग्नाआधीचं नातं. दुपारी भांडी आवरल्यावर बाया ओट्यावर बसतात, तेव्हा जाऊन तिने विचारलं. माहेरं निघाली कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, खानापूर, हुक्केरी. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, सोयरिकी मात्र आपल्या वाटेने चालू राहिल्या, हे तिला त्या रकान्यातच दिसलं. खरी गंमत तिसऱ्या रकान्यात होती. मराठी घरांत "आत्याच्या घरी दिली" असं बऱ्याच जणींनी सांगितलं, म्हणजे नवऱ्याने मामाची मुलगी केली. उलट, आत्याची मुलगी करून आणलेलं एकही घर नव्हतं. आणि गल्लीच्या टोकाच्या दोन कन्नड घरांत नवरा म्हणजे आईचा सख्खा भाऊ! पोरगी वही घेऊन धावत आली : "मॅडम, मामाशी लग्न? शी!" मी म्हटलं, त्या कन्नड घरातल्या बाईला विचार, मामाची मुलगी चालते आणि मामा चालत नाही, हे तिला कसं वाटतं.

या "शी"चं उत्तर कर्वेबाईंच्याच १९५३ च्या ग्रंथात आहे. नातेसंबंधांच्या रीतीवरून त्यांनी भारताचे चार पट्टे पाडले : उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत साधारणपणे जवळच्या नात्यात लग्न होत नाही, पुष्कळदा गावातली सोयरीकही नाही. दक्षिणेत मामा-भाची, मामे-आते भावंडं ही लग्नं रीतीला धरून. महाराष्ट्र त्यांनी मध्य पट्ट्यात घातला, थोडं इकडचं, थोडं तिकडचं. आणि मध्य-दक्षिण या दोन पट्ट्यांचा सांधा तुझ्या-माझ्या तालुक्यांतून जातो. मुंबई-बंगळूरच्या मुलांना जे पुस्तकातून वाचावं लागतं ते तुला ओट्यावर बसून मिळतं, एवढं काकांना सांग.

आता बहिणीचं. पाठांतर अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सोशिऑलॉजी हा शब्द ऑगस्ट कॉम्त यांनी रूढ केला, सॅन्स्क्रिटायझेशन (खालच्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं) आणि डॉमिनंट कास्ट (गावातली वरचढ जात) म्हटलं की समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास, हे आलंच पाहिजे. एका गुणाचे प्रश्न त्यावरच असतात. पण पाच आणि दहा गुणांच्या उत्तराला उदाहरण लागतं आणि गाइडातलं उदाहरण सगळ्या वर्गाचं एकच असतं. चळवळींच्या धड्यात १९८० चं उत्तर कर्नाटकातल्या नरगुंद-नवलगुंदचं शेतकरी आंदोलन येतं. त्याच्या पुढच्याच वर्षी तुमच्या निपाणीत तंबाखू उत्पादक हमरस्त्यावर बसले होते, गोळीबारात माणसं गेली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार आणि उत्तरात दोन ओळी घाल. तपासणारा झोपेतून जागा होईल.

इंग्रजीची भीती खरी आहे. पीयूसीला मराठी भाषा म्हणून घेता येते, पण बाकीचे चार विषय इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. पहिले दोन-तीन महिने जड जातील, त्याला इलाज नाही. एक कर : प्रत्येक संज्ञेसमोर वहीत आधी ओळखीचं माणूस किंवा घर मराठीत लिही, मग इंग्रजी वाक्य. एक्सोगॅमीसमोर (आपल्या गटाबाहेरच लग्न) "सगोत्रात देत नाहीत म्हणून धाकट्या आत्याचं स्थळ मोडलं" असं लिहिलंस की तो शब्द वर्षभर विसरणार नाहीस. लेखी ८० गुणांचं आणि २० अंतर्गत. त्या २० साठी कुणाच्या जुन्या प्रकल्पाची नक्कल आणू नकोस, आम्हाला अक्षर ओळखू येतं.

प्रश्न : मुलाला दहावीला चांगले गुण आहेत. सायन्स सोडून आर्ट्‌स म्हणतो, त्यातही समाजशास्त्र. पुढे नोकरीचं काय? (एक पालक, खानापूर)

नुसत्या पीयूसीवर नोकरी सायन्सवाल्यालाही कुणी देत नाही, साहेब. पुढे बीए, बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी), पाच वर्षांचा लॉ, असे रस्ते आहेत. बेळगावात २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, धारवाड तासा-दीड तासावर, आणि समाजकार्याकडे ओढा असला तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र महाराष्ट्रातच आहे. युपीएससीला ऐच्छिक विषय म्हणून समाजशास्त्राचे ५०० गुण असतात, त्यामुळे हल्ली क्लासवाले हा विषय विकतात. त्या जाहिरातींवर जाऊ नका. विषय घेतला म्हणून कुणी कलेक्टर होत नाही.

पण मुलाला एकदा नीट विचारा : आवड आहे की गणित टाळायचंय? गणित टाळायला आलेले पहिल्याच टर्मला जनगणनेच्या आकड्यांवर अडखळतात. २०११ ला कर्नाटकात हजार पुरुषांमागे ९७३ स्त्रिया होत्या आणि शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९४८ मुली. लहानग्यांत प्रमाण कमी आणि एकूण लोकसंख्येत जास्त, हे कसं? मुलाने यावर पाच मिनिटं डोकं खाजवलं तर बिनधास्त घाला.

प्रश्न : मी पहिल्या वर्षाला आहे. जातीचा धडा आला की वर्गात कुजबुज होते. प्रकल्पासाठी गावात घरोघरी जात विचारू का? वडील म्हणतात, भांडणं लागतील. (एक विद्यार्थी)

वडील बरोबर आहेत. वही घेऊन दारात जात विचारायची नाही. ना तुझं ते वय, ना तेवढा अनुभव, आणि त्याची गरजही नाही. बघायला शीक. कर्वेबाई पंढरीच्या वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांचा आणि मराठ्यांचा स्वयंपाक वेगळा होत होता. ते त्यांनी पाहिलं, त्यांना खटकलं, आणि मराठ्यांच्या पंगतीत जाऊन जेवल्यावर तिथल्या बायका आपल्याशी मोकळेपणाने वागू लागल्या, असं त्यांनी लिहिलं आहे. तुझ्या गावच्या जत्रेत महाप्रसाद कोण शिजवतो, वाढायला कोण असतं, कोण शेवटी बसतं, कोण डबा घेऊन घरी जातं? तीन दिवस बघ आणि रोज रात्री लिहून ठेव. वर्गातल्या कुजबुजीपेक्षा ते कितीतरी बोलकं निघेल.

आणि नावं बदल. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुस्तकात त्यांनी त्या गावाला रामपुरा म्हटलं, ते खरं नाव नव्हे. तू गावाचं, देवळाचं, माणसांचं, सगळ्यांचंच नाव बदल. "किराणा दुकानदार" असं लिहूनही भागत नाही, कारण गावात दुकान एकच असतं. तिथे "एक व्यापारी" लिही. तुझं स्वतःचं घर कुठल्या आळीत आहे आणि तुला पंगतीत कुठे बसवलं, हेही प्रकल्पात आलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही की तुला काय दिसणं शक्य होतं आणि काय नाही. जमा करण्याआधी वडिलांना वाचायला दे. त्यांना त्यात कुणी ओळखू आलं, तर दुसरेही ओळखतील.