‘नोव्हिसेस हर्डल’ म्हणजे नवशिक्यांची अडथळा शर्यत?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला दर मार्चमध्ये ‘सुप्रीम नोव्हिसेस हर्डल’ ही घोड्यांची शर्यत होते. तिला मराठीत ‘नवशिक्यांची अडथळा शर्यत’ म्हणावे का?

म्हणू नये. यातले दोन्ही शब्द वाचकाला भलतीकडे नेतात.

‘नवशिके’ म्हटले की जॉकी नवशिके आहेत असे वाटते. इथे तर नामांकित जॉकी उतरतात. नोव्हिस असतो तो घोडा. चालू हंगामापूर्वी ज्याने एकही हर्डल शर्यत जिंकलेली नाही, तो नोव्हिस. म्हणजे याच हंगामात त्याने तीन-चार जिंकल्या तरी हंगामभर तो नोव्हिसच राहतो. ‘मेडन’शी, म्हणजे अजून एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्याशी, गल्लत होते ती इथेच: मेडनपण पहिल्या विजयाबरोबर संपते. उड्या नसलेल्या सपाट शर्यतींमधले विजयही इथे मोजले जात नाहीत.

शिवाय हे नवखेपण उडीच्या प्रकाराला बांधलेले असते. आल्टिऑर या घोड्याने २०१६मध्ये ‘सुप्रीम’ जिंकली आणि २०१७मध्ये चेल्टनहॅमलाच ‘आर्कल’ ही नोव्हिसांची चेस, म्हणजे फेन्स या उंच, पक्क्या कुंपणांवरून उड्या मारण्याची शर्यत, जिंकली. हर्डलवर मुरलेला घोडा फेन्सवर पुन्हा नोव्हिस! म्हणून मला ‘नवखा’ हाच शब्द नेमका वाटतो. माणूस गावाला नवखा असतो, कामाला नवखा असतो. तसा घोडा हर्डलला नवखा. ‘शिकाऊ’ मात्र अजिबात नको, तो अप्रेंटिस जॉकीसाठी राखलेला बरा.

आता ‘अडथळा’. या शब्दात हर्डल आणि फेन्स दोन्ही मावतात, आणि तोच त्याचा दोष आहे. हर्डल किमान साडेतीन फूट उंच, जमिनीत ठोकलेली आणि धडकेने मागे कलणारी. फेन्स किमान साडेचार फूट, बर्चच्या काटक्यांची घट्ट बांधलेली. ती सहज हलत नाही. त्यामुळे हर्डलवर घोडा वेग न मोडता सपाट उडी घेतो, वरची कड घासली तरी बहुधा निभावते. फेन्सवर तीच चूक महागात पडते. हर्डल निरुपद्रवी मात्र नव्हे: २०२२चा ‘सुप्रीम’ घोड्याच्या २२ लांबींनी जिंकणारा कॉन्स्टिट्यूशन हिल हा घोडा २०२५च्या चॅम्पियन हर्डलमध्ये पडला. अविनाश साबळेमुळे स्टीपलचेस आपल्याकडे घरोघरी पोचली आहे. तिथलेही अडथळे न पडणारे, आणि ११० मीटर हर्डल्समधले पडणारे. भेद तोच.

मुळात हर्डल म्हणजे काटक्या विणून केलेली, उचलून नेता येणारी ताटी. इंग्लंडमधले मेंढपाळ अशा ताट्या उभ्या करून शेतात मेंढ्या कोंडत, खतासाठी. आपले धनगर शेतात मेंढ्या बसवतात तेव्हा वाघर (जाळी) लावतात, तसेच हे. अर्थाने ‘ताटी’ अगदी जवळची, पण ‘ताटीची शर्यत’ आज कुणाला कळणार नाही. ‘हर्डल’ शाळेच्या मैदानावरून मराठीत आलेलाच आहे, तोच ठेवावा.

तेव्हा ‘नवख्या घोड्यांची हर्डल शर्यत’. ‘घोड्यांची’ गाळू नका, नाहीतर पुन्हा जॉकीच नवखे ठरतील. बातमीत पहिल्यांदा लिहिताना ‘सुमारे ३.३ किलोमीटर, ८ हर्डल’ एवढे जोडले की पुढे नुसते ‘सुप्रीम’ पुरते.