थोरलीला लसीनंतर आकडी आली होती, धाकट्याला लस देऊ का?

"थोरलीला गोवराची लस दिली आणि आठव्या दिवशी तिला आकडी आली. आता धाकटा १३ महिन्यांचा झालाय. त्याला टोचून आणायची हिंमतच होत नाही." समुपदेशनाला आलेल्या एका आईचं हे पहिलं वाक्य. सोबत नवरा होता. त्याचं म्हणणं, "ही दिवसभर मोबाइलवर नको नको ते वाचते. तुम्हीच समजावा हिला."

समजावण्याची घाई केली की गाडी तिथेच अडते. घाबरलेल्या माणसापुढे आकडे मांडले की तो आपली बाजू लढवायला लागतो, आणि लढता लढता आधीपेक्षा जास्त ठाम होतो. म्हणून पहिली वीसेक मिनिटं फक्त विचारण्यात गेली. त्या दिवशी नेमकं काय झालं? जवळ कोण होतं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

मुलगी तिच्या मांडीवर होती, अंग तापलेलं. एकाएकी डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, ओठ निळे पडले. दोन मिनिटांत सगळं थांबलं, पण तेवढ्या वेळात आईला वाटलं, पोर हातची गेली. पुढे जिथे लस दिली होती तिथे तिने विचारलं, तर उत्तर मिळालं, "लसीने असलं काही होत नसतं."

हे उत्तर चुकीचं होतं. मोबाइलवरचं वाचन नंतरचं, तिचा विश्वास उडाला तो इथे. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीत जिवंत पण कमजोर केलेले विषाणू असतात. ते शरीरात थोडे वाढतात, म्हणून ताप टोचल्या दिवशी न येता साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, १०० पैकी ५ ते १५ मुलांना. सहा महिने ते पाच वर्षं या वयात २ ते ५ टक्के मुलांना कधी ना कधी, कुठल्याही तापात, आकडी येते. या लसीच्या तापामुळे ती येण्याचं प्रमाण ३ ते ४ हजार डोसांमागे एक असं आहे. आठवा दिवस त्यात नेमका बसतो. तिला तसं सरळ सांगितलं, "तुमच्या लेकीला आकडी लसीच्या तापानेच आली असणार. तुम्हाला भास झाला नव्हता." नवरा दचकला. तिला रडू फुटलं, आणि मग ती पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली.

त्यानंतरच, "पुढचं सांगू का?" असं विचारून, बाकीचं सांगता आलं. तापातली अशी छोटी आकडी बघवत नाही, पण तिने मेंदूला इजा होत नाही, बुद्धीवर परिणाम होत नाही. खुद्द गोवरात मात्र ताप सडकून येतो आणि हजारातल्या एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते. लसीने स्वमग्नता (ऑटिझम) होते का, हे तिने दबक्या आवाजात विचारलं. तो संशय पसरला १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अवघ्या १२ मुलांवरच्या लेखातून. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष आला, की लसीने स्वमग्नतेचा धोका वाढत नाही.

खरी गाठ मात्र वेगळीच निघाली. ती म्हणाली, "गोवर झाला तर नशीब म्हणेन. पण मी स्वतः नेऊन टोचलं आणि काही झालं, तर ते माझ्या हातून झालं." लसीला नकार देणाऱ्या कितीतरी पालकांच्या मनात हेच असतं, बोलून मात्र दाखवत नाहीत. केल्याचा दोष न केल्यापेक्षा जड वाटतो, हा माणसाचा स्वभाव आहे. त्याला अडाणीपणा म्हणणं अन्याय आहे. (सगळेच भीतीने अडत नाहीत, हेही खरं. कुणाला गोवर कधी बघितलाच नाही म्हणून लस बिनमहत्त्वाची वाटते, कुणाला कामाचा खाडा परवडत नाही. त्यांच्याशी बोलणं वेगळं.) अशा आईला आजारी मुलांचे फोटो दाखवू नयेत. त्याने लसीवरचा संशय उलट वाढलेला आढळला आहे.

"मग दोन वर्षांचा होऊ दे, तेव्हा देऊ," असा मधला मार्ग तिने काढला. ऐकायला समंजस, पण उलटा पडणारा. तापातल्या आकडीचं वय दीड वर्षाच्या आसपास ऐन भरात असतं. पहिला डोस १२ ते १५ महिन्यांत दिला तर आकडीचा धोका कमी, १६ ते २३ महिन्यांत दिला तर जास्त. शिवाय तेवढे महिने मूल गोवराला उघडं. तिला थांबवत होती ती आकडीची धास्ती, आणि थांबल्यानेच ती धास्ती वाढणार होती. हे तिने दोनदा विचारून घेतलं.

मग कागदावर बेत लिहिला. कांजिण्यांचीही लस द्यायची असेल तर पहिल्या वेळी चारही एकत्र असलेली नको, कांजिण्यांची वेगळी मागायची. एकत्र लसीत आकडीचं प्रमाण जवळपास दुप्पट असतं. भावंडाला आकडी आली होती हे डॉक्टरांना आधी सांगायचं. तेवढ्यावरून लस नाकारली जात नाही. टोचताना बाळ मांडीवर, शक्य तर अंगावर पाजत. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. सहाव्या ते चौदाव्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये खूण. त्या दिवसांत घरात एकटं राहायचं नाही.

पॅरासिटामॉल ताप आल्यावर, मूल कासावीस झालं तर. आधीपासून नको. त्याने आकडी टळत नाही, आराम पडतो. चूक होते ती मापात. दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम धरलं तर १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२० असलेल्या बाटलीतून ते सव्वासहा मिली होतं, २५० वाल्या बाटलीतून फक्त ३. म्हणून घरातली बाटलीच डॉक्टरांना दाखवून माप लिहून घ्यायचं. आकडी आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर तडक रुग्णालय. आधीच थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं.

तिसऱ्या भेटीनंतर तिने लस दिली. नवव्या दिवशी ३८.६ अंश सेल्सिअस ताप, दीड दिवस, आकडी नाही. कॅलेंडरवर तिने तीन-तीन तासांनी आकडे लिहून ठेवले होते. चौथ्या भेटीत प्रश्न होता दुसऱ्या डोसचा, "परत तेच सगळं?" बहुतेक मुलांत पहिल्या डोसाने प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, त्यामुळे दुसऱ्यात लसीचा विषाणू फारसा वाढत नाही आणि ताप क्वचित येतो. तिने तारीख लगेच ठरवली नाही. कागद मात्र घडी घालून लसीकरणाच्या कार्डात ठेवला.