खराटा, तोरण आणि झडती

प्रिय बाबू,

तुझं पत्र मिळालं. बसस्टँडवरच्या फ्लेक्सवरून गावात दोन गट हातघाईवर आले, आणि त्याच आठवड्यात सोयाबीनचा भाव पडला तेव्हा चावडीवर कोणी चकार शब्द काढला नाही. "असली प्रतीकंच नकोत," असं तू लिहिलंस. राग रास्त आहे, पण हे मला पटलं नाही. गाव प्रतीकांच्या आधारानेच बोलतं. ती काढून घेतलीस तर लोक भावावर बोलायला लागतील असं नाही, ते नुसते गप्प बसतील.

गाडगेबाबांचा खराटा बघ. २०००-०१ मध्ये सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचं नाव दिलं. गावागावांत चुरस लागली, रस्ते झाडले गेले, संडास बांधले गेले. चांगलंच झालं ते. पण बाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारत. कर्ज काढून लग्न कशाला करता? देवापुढे बकरं का कापता? माणसाला माणसाचा विटाळ कसा होतो? ताट मोडा, हातावर भाकर खा, पण पोराला शाळेत घाला, हे त्यांचं सांगणं. आपण त्यातला सकाळचा खराटा तेवढा उचलला. म्हणून जयंतीला गल्लीतल्या कचऱ्यावर चर्चा होते, घरातल्या कर्जावर होत नाही. बाबांच्या स्वतःच्या अमरावती जिल्ह्यात हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

उलटंही घडतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. खेड्याखेड्यांतल्या देव्हाऱ्यांतले देव उतरले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. जमीन आली नाही, मजुरी वाढली नाही, पण पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना मान वर राहू लागली. तसबीर काय करते, असं कोणी विचारलं तर हे सांग.

आता तुझ्या कामाचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, हळद-लोणी लावतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो. दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाकडेच्या गुरं जमण्याच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात. हल्ली बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त, तरी गर्दी तेवढीच. आणि पोळा फुटण्याआधी झडत्या होतात, म्हणजे चालीवर म्हटलेली यमकातली टोमणेवजा कवनं. एरवी ज्याच्यासमोर तोंड उघडता येत नाही, त्याच्यासमोर त्या दिवशी त्याचंच माप काढता येतं. सावकार, पुढारी, नापिकी, कापसाचा भाव, सगळं झडतीत येतं, आणि शेवटी अख्खा आखर एका सुरात "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" म्हणतो. ज्याच्यावर झडती झाली, तोही म्हणतो. सभेत ज्याला हरकत घेतली असती, त्यालाच तो तिथं हुंकार देतो. एवढी मोकळीक ग्रामसभेतही मिळत नाही, आणि ती तुझ्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

अलीकडे झडत्यांतही नेत्यांची नावं आणि जयजयकार घुसलाय. तिथे तू आडवा ये. फ्लेक्सचं भांडण मिटवायच्या फंदात पडू नकोस. खाली कोणाकोणाचे फोटो आहेत तेवढं बघ, भांडण कोणाचं ते कळेल.

पोळ्याला अजून महिना आहे. पाच-सहा पोरं जमव. बियाण्याच्या थैलीची किंमत, फवारणीचा खर्च, मंडीत मिळालेला भाव हे घराघरांत जाऊन लिहून घे. मग म्हाताऱ्यांकडून जुन्या झडत्यांची चाल शिक, कारण चाल चुकली की लोक हर बोलत नाहीत. त्या चालीवर आकडे बसव. पहिली झडती तयार झाली की फोनवर ऐकव, यमक सैल असेल तर आपण दोघं मिळून बसवू.

तुझा,
मास्तरकाका