लिनक्स ‘इमर्जन्सी मोड’मध्ये अडकतो तेव्हा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डेबियन लिनक्सचा एक संगणक असून अनेक विद्यार्थी आपापल्या खात्यांतून त्यावर काम करतात. त्यातील एक जुनी, जादा हार्ड डिस्क काढल्यापासून तो लॉगिनपर्यंत पोहोचतच नाही; दीड मिनिट थांबतो, ‘इमर्जन्सी मोड’ असे दाखवतो आणि रूटचा, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याचा, पासवर्ड मागतो. सर्व पुसून लिनक्स नव्याने टाकावे लागेल का? आणि संगणक सुरू करण्याच्या अशा किती पद्धती आहेत?

उत्तर : नव्याने टाकण्याची मुळीच गरज नाही, आणि विद्यार्थ्यांचे काम डिस्कवर असताना तो मार्ग कृपया धरू नका. दोषाचा पत्ता त्या दीड मिनिटातच आहे. कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये असते. आपण डिस्क काढलीत, पण तिची ओळ यादीत राहिली. त्यामुळे सिस्टमडी, म्हणजे लिनक्स सुरू होताना सर्व सेवा चालू करणारी प्रणाली, ९० सेकंद तिची वाट पाहते आणि ती न सापडल्यास अर्धवट अवस्थेत सर्वांना आत घेण्याऐवजी केवळ व्यवस्थापकासाठी दार उघडते.

रूटचा पासवर्ड देऊन आत जा, ती फाइल नॅनो संपादकात उघडा, काढलेल्या डिस्कच्या ओळीच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह टाका, फाइल जतन करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. फाइल जतन होत नसेल, तर मूळ विभाजन (लिनक्स ज्यावर बसवले आहे तो डिस्कचा भाग) फक्त वाचण्यापुरते जोडलेले आहे असे समजावे. ‘माउंट’ आज्ञेला ‘रीमाउंट’ आणि ‘आरडब्ल्यू’ हे पर्याय देऊन ते लिहिण्याजोगे करून घ्यावे लागते. पुढे कधी काढता-घालता येणारी डिस्क जोडलीत, तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय आवर्जून लिहा, म्हणजे ती नसली तरी संगणक अडून राहणार नाही.

आता पद्धतींविषयी. जुन्या सिस्टम-फाइव्ह युनिक्सच्या परंपरेत त्यांना ‘रनलेव्हल’ म्हणत आणि त्या अंकांनी ओळखल्या जात. २०१५ साली आलेल्या डेबियन ८ पासून सिस्टमडीची ‘टार्गेट’ ही व्यवस्था तेथे रूढ झाली. ‘ग्राफिकल’ म्हणजे आपला नेहमीचा पडदा. ‘मल्टी-यूझर’मध्ये नेटवर्क आणि सर्वांचे लॉगिन असते, फक्त चित्रमय पडदा नसतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडल्यावर हीच पद्धत वापरावी. ‘रेस्क्यू’मध्ये स्थानिक डिस्क जोडल्या जातात, पण नेटवर्क आणि इतरांचे लॉगिन बंद राहते. ‘इमर्जन्सी’ त्याहून मोजकी असते. मुद्दाम निवडल्यास तीत केवळ मूळ विभाजन आणि एक शेल, म्हणजे आज्ञा टंकण्याची जागा, मिळते. दुरुस्तीला जेवढे पुरेल तेवढेच खाली उतरावे, असे माझे मत आहे.

हवी ती पद्धत एका वेळेपुरती निवडता येते. संगणक सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या ‘ग्रब’ या प्रोग्रॅमच्या यादीत ‘ई’ ही कळ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टमडी डॉट युनिट’, बरोबरचे चिन्ह आणि ‘रेस्क्यू डॉट टार्गेट’ असे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एफ-१० दाबा. हा बदल डिस्कवर नोंदला जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी संगणक पूर्ववत सुरू होतो.

परंतु याच ओळीत ‘इनिट’च्या, म्हणजे सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, जागी ‘बॅश’ हे शेल नेमले, तर पासवर्ड न विचारताच रूटचे अधिकार मिळतात. पासवर्ड विसरलेल्या व्यवस्थापकाची यात सोय आहे, पण विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत हा मोठाच धोका आहे. म्हणून ग्रबमधील संपादनाला पासवर्ड लावा, संगणकाच्या ‘बायोस’ मांडणीत (लिनक्सच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची मुभा बंद करा आणि त्या मांडणीलाही पासवर्ड ठेवा. तरीही पेटी उघडून डिस्क काढून नेणाऱ्यापुढे हे उपाय अपुरे पडतात. गुणपत्रकांसारखी माहिती त्या संगणकावर असेल, तर पुढील स्थापनेच्या वेळी संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून घ्यावी.