जिथे फीचर नाही, तिथे काय दिसतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. स्क्रोलला जोडलेलं अ‍ॅनिमेशन पान उघडताच एकदा चालून का संपतं, आणि व्ह्यू ट्रान्झिशन (पानातल्या एका दृश्यातून दुसऱ्यात सरकत जाणं) यासारखी नवी फीचर्स चालू प्रोजेक्टमध्ये आत्ता घ्यावीत की थांबावं.

पहिल्याचं उत्तर पानाचं रूप ठरवणाऱ्या तुमच्या सीएसएसमधल्या ओळींच्या क्रमात आहे. ‘अ‍ॅनिमेशन-टाइमलाइन’ (हालचाल कशाच्या तालावर चालायची ते) तुम्ही वर लिहिलंय आणि ‘अ‍ॅनिमेशन’ हा शॉर्टहँड (अनेक सेटिंग्ज एकाच ओळीत) खाली. शॉर्टहँड टाइमलाइनलाही मूळपदावर नेतो, त्यामुळे अ‍ॅनिमेशन स्क्रोल सोडून घड्याळावर चालतं. टाइमलाइनची ओळ खाली न्या. यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) एररही येत नाही, कारण सीएसएसच्या लेखी सगळं नियमाप्रमाणेच असतं.

आता दुसरा प्रश्न. किती ब्राउझरमध्ये चालतं, हे मी नंतर बघतो. आधी बघतो, जिथे चालत नाही तिथे काय दिसतं.

व्ह्यू ट्रान्झिशन एकाच पानातल्या बदलांसाठी क्रोममध्ये 2023 साली आलं (आवृत्ती 111), सफारीत 2024 साली आणि फायरफॉक्समध्ये थेट 2025 साली. तरी पहिल्याच वर्षी ते वापरणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. ‘स्टार्टव्ह्यूट्रान्झिशन’ हे फंक्शन ब्राउझरमध्ये आहे का ते तपासायचं, नसेल तर डॉम (पानाची ब्राउझरमधली रचना) सरळ बदलायचा. मजकूर तोच, फक्त तो सरकत येत नाही. त्यामुळे हे खुशाल घ्या. दोन ठिकाणी मात्र लोक हमखास अडकतात. कॉलबॅकमध्ये (पान बदलणाऱ्या, ट्रान्झिशनला दिलेल्या फंक्शनमध्ये) सर्व्हरच्या उत्तराची वाट बघू नका. तोवर ब्राउझर जुन्या दृश्याचा फोटो धरून बसतो आणि पान गोठल्यासारखं वाटतं. डेटा आधी आणा, मग ट्रान्झिशन सुरू करा. दुसरं, यादीतल्या सगळ्या कार्डांना एकच ‘व्ह्यू-ट्रान्झिशन-नेम’ दिलंत तर ट्रान्झिशन पूर्णच गळतं. प्रत्येकाला वेगळं नाव हवं.

स्क्रोल अ‍ॅनिमेशनचं तसं नाही. क्रोम 115 मध्ये ते 2023 साली आलं, सफारीत 2025 साली आवृत्ती 26 बरोबर, आणि फायरफॉक्सने ते बराच काळ फ्लॅगमागे (मुद्दाम चालू कराव्या लागणाऱ्या सेटिंगमागे) ठेवलं. मी एकदा कार्डांना साध्या नियमातच ओपॅसिटी शून्य दिली (म्हणजे ती अदृश्य केली) आणि अ‍ॅनिमेशन तेवढं ‘सपोर्ट्स’च्या (ब्राउझरला फीचर येत असेल तरच लागू होणाऱ्या भागाच्या) आत ठेवलं. क्रोममध्ये झकास. फायरफॉक्समध्ये पांढरं पान, आणि ते मला कळलं ग्राहकाच्या फोनवरून! तेव्हापासून शून्य ओपॅसिटी फक्त कीफ्रेमच्या ‘फ्रॉम’मध्ये, म्हणजे हालचालीच्या सुरुवातीच्या स्थितीत. मूळ नियमात कार्ड दिसतंच.

या ‘सपोर्ट्स’च्या आतच ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ची (वापरणाऱ्याने हालचाल कमी मागितली आहे का, ही) अटही घाला. काहींना हलणाऱ्या पानांमुळे खरोखर गरगरतं.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक खटकलं: तुम्ही ‘हाइट’ आणि ‘टॉप’ हलवताय. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद, आणि या दोन्हींमुळे ब्राउझरला तेवढ्यात लेआउटही (कोणता भाग कुठे आणि केवढा) पुन्हा मोजावा लागतो. ‘ट्रान्सफॉर्म’ आणि ‘ओपॅसिटी’वर भागवा. तुमच्या लॅपटॉपवर फरक जाणवणार नाही. जुन्या फोनवर लगेच कळेल.

क्रम बदलूनही अ‍ॅनिमेशन स्क्रोलबरोबर हलत नसेल, तर खरंच स्क्रोल होणारा एलिमेंट कोणता ते बघा. मधल्या एखाद्या डिव्हला (पानातल्या चौकटीला) ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (बाहेर जाणारा भाग लपवणारा नियम) असेल तर टाइमलाइन त्या डिव्हलाच स्क्रोल होणारा धरते. तिथे ‘हिडन’ऐवजी ‘क्लिप’ टाकून बघा आणि काय झालं ते कळवा.